बेळगावची सांघिक निवड चाचणी: गुणपत्रक उत्तम, लेनचे नंबर घात करतील

बेळगावातल्या या एअर रायफल रेंजवरची सांघिक चाचणी अमेरिका आणि आयर्लंड यांच्या १८७४ च्या क्रीडमूर नेमबाजी सामन्यावर बेतलेली आहे. सहा जणांचा संघ, प्रत्येकाला १५ गोळ्यांच्या तीन फेऱ्या, तिन्हींची बेरीज. न्यूयॉर्कजवळच्या त्या सामन्यात ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून मारा झाला होता. इथे अंतर १० मीटरच, म्हणून फेऱ्या सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. तडजोड वाईट नाही. पण हजार यार्डांवर वारा वाचता येणाराच टिकायचा, आणि बंद हॉलमध्ये ती परीक्षा होणार कशी?

गुणपत्रकाला मात्र पैकीच्या पैकी. प्रत्येक फेरी वेगळी, तीही दशांशात लावतात (एका गोळीला कमाल १०.९, म्हणजे ४५ गोळ्यांना ४९०.५). क्रीडमूरला अमेरिकेचे ९३४ आणि आयर्लंडचे ९३१ झाले. अमेरिकेच्या हेन्री फुल्टनच्या १८० पैकी १७१ गुणांचं कौतुक सगळे करतात, पण त्याच संघात डेकिनचे १३९ होते. इतक्या निसटत्या सामन्यात शेवटच्या दोघांवरच सगळं येतं. रेंजवरचे सर सहाही जण सरसकट बेरजेवर निवडतात, ते पटत नाही. पहिले चार बेरजेवर घ्यावेत. पाचव्या-सहाव्या जागेसाठी ज्याची सर्वांत वाईट फेरीसुद्धा फार घसरत नाही, तो घ्यावा. एक फेरी झकास मारून दुसरीत ढेपाळणारा संघाला महागात पडतो.

मोठी तक्रार लेनच्या, म्हणजे प्रत्येक नेमबाजाच्या पट्ट्याच्या, नंबरांची. टार्गेटवरच्या पाट्या फिकट झाल्यात आणि फायरिंग पॉइंटचा (उभं राहायच्या जागेचा) नंबर जमिनीवर, नेमका बुटाखाली जातो. आयर्लंडच्या मिल्नरने एक गोळी अचूक मध्यात मारली, पण शेजारच्या टार्गेटवर. गुण शून्य. मध्याचे चार मिळाले असते तर आयर्लंड ९३५ वर जाऊन जिंकलं असतं! आजही शेजारच्या टार्गेटवरची गोळी आपल्या खात्यात चुकलेलीच धरतात. पाट्या रंगवून होईपर्यंत सरावाची पहिली गोळी मारल्यावर ती आपल्याच स्क्रीनवर उमटली का, ते पाहूनच पुढची भरा.

उजेड चांगला आहे, टार्गेटवर सावली पडत नाही. सूचना कन्नड आणि मराठी दोन्हींत देतात, त्यामुळे खानापूर-निपाणीकडच्या पोरांची अडचण होत नाही. नेमबाजीची भाड्याची जाकिटं आहेत, पण मोठ्या मापांचीच. बारीक अंगाच्या मुलांनी आपलं न्यावं. फीमध्ये पेलेट (एअर रायफलच्या गोळ्या) धरलेले नाहीत. ५०० चा एकच डबा तिन्ही फेऱ्यांना पुरतो. मध्येच पेलेटची बॅच बदलली की गोळ्यांचा गट सरकतो आणि दोष नेमबाजाच्या माथी येतो.

पावसाळ्यात जाणार असाल तर रायफलचा हवेचा सिलिंडर भरण्याआधी कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधलं पाणी काढलंय का, ते विचारा. ओल आत गेली की हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर गंजतो, दाब कमी-जास्त होतो आणि गोळ्या वर-खाली पसरतात. राखीव सातव्याचं नाव इथे निकालानंतर दोन दिवसांनी कळवतात. ते त्याच संध्याकाळी फळ्यावर लागायला हवं.