तानपुऱ्यामागची चर्र: हेडफोनसाठी साउंड कार्ड, आठ महिन्यांनंतर

कॉम्प्युटरचा आवाज कसा आहे हे पाहायचं असेल तर गाणं लावू नका, नुसता तानपुरा लावा. गवयानं पहिला सा लावायच्या आधीची ती पंधरा-वीस सेकंदं. माझ्या डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला इअरफोन लावून मी ती ऐकायचो आणि माऊस हलवला की तानपुऱ्याच्या मागे ‘चर्र’ व्हायचं. पान खाली सरकवलं की ‘चर्रर्रर्र’. माऊस सोडला की गप्प. हे वर्षभर चाललं होतं. वर्षभर मी रेकॉर्डिंगलाच नावं ठेवत होतो, हे आधी कबूल करतो.

आमचं घर डोंबिवलीत. ऐकायला बसतो रात्री साडेदहानंतर, म्हणजे स्पीकरचा प्रश्नच नाही. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, थोडं नाट्यसंगीत, आणि बाबांच्या कॅसेटी, ज्या मी हळूहळू कॉम्प्युटरवर घेतोय. कानाला दोन गोष्टी: एक ३२ ओहमचे कानात घालायचे इअरफोन आणि दुसरा बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हा हेडफोन, २५० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). हा दुसरा मागून उघडा आहे, त्यामुळे हेडफोन लावूनही शेजारी झोपलेल्या माणसाला विलंबित एकताल ऐकू जातो. ‘अहो, डोक्याला लावलंय ना, मग मला का ऐकू येतंय?’ या प्रश्नावर अजून तोड निघालेली नाही.

तर चर्र. मदरबोर्डवरची आवाजाची चिप वाईट असते असा सगळ्यांचा समज असतो, माझाही होता. आजकालची चिप संगीत ऐकायला पुरेशी असते. घोळ होतो तो तिथून पुढच्या जॅकपर्यंत येणाऱ्या वायरीत. ही वायर बहुतेक कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, अंगावरून येते आणि येता येता तिथला सगळा कचरा उचलते. एका रविवारी कॅबिनेट ओढून इअरफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये खुपसला. चर्र जवळजवळ गेली. खर्च शून्य रुपये, त्यात कॅबिनेटमागची धूळही निघाली. तुमची तक्रार एवढीच असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, एक लांब एक्स्टेन्शन वायर आणा.

माझं तेवढ्यावर भागलं नाही, कारण २५० ओहम. या हेडफोनला १ मिलिवॉट दिला की ९६ डेसिबल आवाज येतो, असं कंपनीचं पत्रक सांगतं. २५० ओहमला १ मिलिवॉट म्हणजे अर्धा व्होल्ट. मदरबोर्डच्या जॅकमधून १ व्होल्टच्या आसपास निघतो, म्हणजे ४ मिलिवॉट, म्हणजे फार तर १०२ डेसिबल. ऐकायला भरपूर वाटतं ना? पण हा झाला सगळ्यात मोठ्या क्षणाचा आकडा. हल्लीची सिनेमाची गाणी आधीच ठासून भरलेली असतात, ती यावर मजेत वाजतात. जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग मात्र हळू घेतलेलं असतं आणि आलाप त्यातही वीसेक डेसिबल खाली. मग व्हॉल्यूम शंभरावर नेऊनही गवई शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. मला जवळपास अडीच व्होल्ट हवे होते. हे गणित मी खरेदीच्या आधी केलं, आणि माझ्या हातून झालेली ही एवढी एकच शहाणपणाची गोष्ट.

एक काळ असा होता की कार्ड घ्यावंच लागे. मदरबोर्डवरूनच आवाज काढायची एसी ९७ म्हणून जी पद्धत १९९७ साली आली, तिच्या जमान्यातले मदरबोर्ड आठवा. माऊसच काय, हार्ड डिस्क फिरलेलीही कानात कळायची. कॉलेजात असताना आमच्या घरी १९९८ सालच्या साउंड ब्लास्टर लाइव्हच्या घराण्यातलं एक कार्ड होतं आणि आमच्या मजल्यावर मी त्यामुळे ओळखला जायचो. ते कार्ड आत सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झला नेऊन वाजवायचं, मग सीडी ४४.१ची का असेना. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा काही बिघडलंही नव्हतं.

म्हणून पहिला विचार आत बसवायच्या कार्डाचाच आला. ठाण्याच्या मित्राकडे आसुसचं झोनार एसेन्स एसटीएक्स आहे, २००९ सालचं. अजून ठणठणीत. वर धातूचं झाकण, एसएमपीएसमधून वेगळी चार पिनांची वायर, आणि हेडफोन किती ओहमचा आहे ते सॉफ्टवेअरमध्ये सांगायची सोय. माझा हेडफोन नेऊन तिथे दोन तास ऐकला आणि व्हॉल्यूम निम्म्याच्या वर न्यावा लागला नाही. तसंच घेणार होतो. पण माझ्या कॅबिनेटात ग्राफिक्स कार्ड इतकं जाडजूड की त्याच्याखालचा स्लॉट झाकला जातो, आणि ऑफिसच्या लॅपटॉपला हे कार्ड लावणार कुठे? तेव्हा बाहेरून यूएसबीला लावायची डबी घ्यायची ठरलं.

लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदारानं पहिलंच वाक्य टाकलं, ‘साहेब, हा घ्या, ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ.’ माझी चाळिशी कधीच उलटलीय. पंधरा किलोहर्ट्झच्या वरचं मला ऐकू येत नाही, हे मी घरी सूर वाजवून तपासलेलं आहे. सीडीच्या ४४.१मध्ये बावीस किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं आणि १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. बाबांच्या कॅसेटीत त्याच्या निम्मा असला तरी डोक्यावरून पाणी. मी विचारलं, ‘आउटपुट इम्पिडन्स किती?’ त्यानं डबी उलटी करून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब, लोक रंग विचारतात.’

तरी हा आकडा विचाराच. साधा हिशोब असा: डबीचा स्वतःचा इम्पिडन्स, म्हणजे तिच्या आउटपुटचा ओहमचा आकडा, हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत हवा. ३२ ओहमच्या इअरफोनला ४ ओहमच्या खाली. जास्त असेल तर इअरफोनचा स्वभावच बदलतो, कारण त्याचा ओहमचा आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. कुठे खर्ज फुगतो, कुठे वरचं दबतं. मी घेतलेल्या डबीच्या पत्रकात १ ओहमच्या आत लिहिलं होतं, हाय गेनवर, म्हणजे आवाज जास्त वाढवणारी कळ लावली की, ४ व्होल्ट, मागे स्पीकरसाठी लाइन आउट. साडेनऊ हजार दिले. डबीचं नाव मुद्दाम देत नाही, पुढे तिची गाऱ्हाणी येणार आहेत आणि ती या भावाच्या बऱ्याच डब्यांना लागू पडतील.

पत्त्यांच्या दोन कॅटांएवढी डबी, पुढे एक गोल बटण, शेजारी गेनची कळ. नोव्हेंबरात आणली. पहिल्या रात्री तानपुरा लावला आणि माऊस गरागरा फिरवला. काही नाही. फक्त चार तारा आणि जवारी. नवीन काही ऐकू येण्यापेक्षा जुनं काही ऐकू न येणं, हाच या खरेदीचा खरा फायदा. त्यातून मग बारीकसारीक गोष्टी वर आल्या. बाबांच्या एका कॅसेटीत, खाजगी मैफलीच्या, तबलजी हातोडीनं गट्टा ठोकतोय ते, आणि मागे कुणीतरी कपबशी ठेवली ते. बाबांना हेडफोन दिला. दहा मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, ‘त्या दिवशी चहा थंड होता.’ आवाजावर अभिप्राय नाही.

पंधरा दिवसांनी लाइन आउटला स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि गुणगुण सुरू झाली. स्पीकरमध्ये ठसठशीत, इअरफोनमध्ये बारीक. डबीला शिव्या घालायच्या आधी नीट ऐकलं. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. पेटीवर पांढरी पाच खालच्या सप्तकात ९८च्या जवळ येते, म्हणजे ही गुणगुण पांढरी पाचपेक्षा किंचित चढी. काळी एकला सा लावणाऱ्या गवयाला तो होतो तीव्र मध्यम! यमनात तो लागतो, तिथे एक वेळ खपून जाईल, मी मालकंस लावला होता, त्यात तो चालत नाही.

कॅबिनेटच्या धातूला हात लावला तर बोटांना झिणझिण्या. वायरमनला बोलावलं. सॉकेटचं तोंड काढलं तर तिसऱ्या, जाड पिनेच्या भोकामागे वायरच नाही. बिल्डिंग बांधली तेव्हापासून. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधली गळती कॅबिनेटवर येऊन बसते. २३०च्या निम्मे व्होल्ट दाखवतात, करंट नगण्य असतो, पण त्याला वाट हवीच असते, आणि त्यानं माझी यूएसबी वायर, डबी आणि अ‍ॅम्प्लिफायर अशी वाट शोधली होती. अर्थिंग ओढून घेतलं. साडेसहाशे रुपये. गुणगुण गेली, झिणझिण्या गेल्या. आवाजासाठी या वर्षी केलेल्या खर्चात सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच, आणि नुसत्या आवाजासाठीच नव्हे. इंटरनेटवर या दुखण्यावर तिसरी पिन कापून टाकायचा उपाय सांगतात. तसलं काही करू नका.

विंडोजबद्दल थोडं. २०१७च्या विंडोज १०च्या अपडेटपासून अशा डब्यांना बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, जोडली की चालते. साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन २४ बिट ४४.१ करून ठेवलं, कारण माझ्याकडचा माल बहुतेक सीडीवरून काढलेला. फूबार या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह, म्हणजे डबी फक्त त्याच सॉफ्टवेअरला द्यायचीही सोय आहे. मग गाण्याच्या मध्येच मेलची टिंग वाजत नाही. मी ते तेवढ्यासाठीच वापरतो.

आता जे लिहायला जिवावर येतंय ते. फेब्रुवारीत भाच्यानं त्याच्या फोनचा डोंगल आणला, सी टाइपचं टोक आणि वर हेडफोनचं भोक. शेपटीएवढा जीव, किंमत हजाराच्या आसपास. म्हटलं, करू कुस्ती. दोन्हींचा आवाज आधी सारखा करणं भाग होतं, कारण अर्ध्या डेसिबलनं जरी एक मोठा असला तरी तोच ‘जास्त खुला’ वाटतो. म्हणून ६० हर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरनं व्होल्ट जुळवले (स्वस्त मल्टिमीटर वरच्या सुरांना खोटं बोलतो, ६०ला बरा असतो). ३२ ओहमचे इअरफोन. मी पाठमोरा, बायको नाणं उडवून वायर बदलणार. सोळा वेळा. नऊ बरोबर आले. म्हणजे मीही नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. बाबा पाचव्या फेरीला म्हणाले, ‘दोन्ही तेच आहे, उगाच मला बसवू नका.’

डीटी ९९०वर मात्र डोंगल पहिल्याच आलापाला धापा टाकायला लागला. तिथे ऐकून ओळखायची गरजच नव्हती, आवाजच पुरत नव्हता. म्हणजे माझे साडेनऊ हजार गेले ते व्होल्टसाठी आणि लाइन आउटसाठी. इअरफोनच वापरणाऱ्यानं एवढे पैसे घालू नयेत. तेवढ्यात चांगले इअरफोन येतील आणि तो फरक बाबांनासुद्धा कळेल.

गाऱ्हाणी. एक, निळा दिवा. रात्री खोलीभर निळं होतं. वर इन्सुलेशन टेप लावलीय. दोन, कॉम्प्युटर झोपेतून उठला की हेडफोनमध्ये टक्क. कानाला लावलेला असताना दचकायला होतं, सवय करून घेतली. तीन, आणि हे महत्त्वाचं: बटण अगदी कमी ठेवलं की डावा कान उजव्यापेक्षा मोठा वाजतो. तानपुरा एका कुशीवर झोपल्यासारखा. अशा स्वस्त बटणांच्या पहिल्या पाव फेरीत हे होतंच. हेडफोनला कळत नाही, कारण तिथे बटण अर्ध्यावर असतं. इअरफोनला रोज कळतं. तोड अशी की गेनची कळ खाली, बटण निम्म्यावर, आणि उरलेला आवाज कॉम्प्युटरमधूनच कमी करायचा. १६ बिटांचं गाणं २४ बिटांच्या वाटेनं जात असेल तर ४८ डेसिबलपर्यंत खाली आणलं तरी काही कापलं जात नाही. ‘डिजिटल व्हॉल्यूमनं आवाज मरतो’ म्हणणाऱ्या मंडळींना मी हल्ली उत्तर देत नाही.

चौथं गाऱ्हाणं ताजं आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि बटण फिरवलं की खरखर. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या वह्यासुद्धा फुगतात, त्यात हे उघडं बटण काय टिकणार. हमी अजून चार महिने आहे, पण सेवा केंद्रवाले म्हणतात डबी महिनाभर ठेवून जा. महिनाभर? सध्या रोज रात्री बसायच्या आधी बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवतो. मग दोन तास गप्प असतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मागवलाय, पण त्यासाठी डबी उघडली तर हमी जाते, म्हणून नोव्हेंबरपर्यंत तो ड्रॉवरमध्येच राहणार.