गंजलेल्या डिझेल ट्रकवर पेट्रोलवाल्याची केबिन चढवायची, की आहे तीच वेल्ड करून घ्यायची?

इकडे अमेरिकेत गॅसचा ट्रक म्हटलं की आपल्याकडचे लोक सीएनजी समजतात, पण इथे गॅस म्हणजे गॅसोलिन, साधं पेट्रोल. तर विषय असा, फोर्ड सुपर ड्यूटी पिकअप ट्रक, 1999 ते 2003 मधला, 7.3 लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल, इंजिन ठणठणीत आणि केबिनची पार चाळणी. मिशिगनमध्ये हे घरोघरी दिसतं, डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळाभर रस्त्यावर मीठच मीठ, त्यात गाडीची वार्षिक तपासणी वगैरे भानगड इथे नाही, त्यामुळे दाराखालचा पत्रा हातात येईपर्यंत लोक ट्रक चालवतात. मीही चालवला.

आता दक्षिणेत, टेक्सासकडे वगैरे, बिनगंजाची डिझेल केबिन शोधायला गेलात तर मालक भाव खातो, पण तीच केबिन 5.4 लिटर किंवा दहा सिलिंडरच्या व्ही10 पेट्रोल इंजिनाच्या भंगारातल्या ट्रकवर असेल तर बऱ्यापैकी स्वस्तात सुटते. आणि पत्रा तोच असतो हो. सिंगल, दीड किंवा क्रू म्हणजे चार दारांची, जी तुमची केबिन तीच घेतली आणि वर्ष शक्यतो तेच धरलं तर चासीवर बोल्टाला बोल्ट बसते. इथेच माणूस फसतो, कारण त्याला वाटतं झालं काम.

पैसे टाकायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रकखाली झोपा. बाहेरचा रॉकर, म्हणजे दाराखालची पत्र्याची पट्टी, आणि मागचे दोन कोपरे एवढंच गेलं असेल तर केबिन बदलायच्या फंदात पडू नका, त्याचे तयार पॅनल मिळतात, कापा, वेल्ड करा, आतून मेण मारा, चारपाच वर्षं निघतात. पण आतला रॉकर आणि केबिन जिथे रबरी बुशवर बसते तिथला फरशीचा पत्रा भुसभुशीत लागला तर पॅच मारून काय उपयोग, वेल्डिंगला धरायला धड पत्राच उरत नाही. माझ्या ट्रकला ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर दांड्यापर्यंत आत गेला, कार्पेटने अडवला. आणि हो, तोच स्क्रूड्रायव्हर चासीवरही मारून बघा, चासीच गेली असेल तर पुढचं वाचू नका.

केबिन बदलायचं ठरलं की दोन रस्ते. पहिला, पेट्रोलची केबिन आहे तशी, सीट-डॅशबोर्ड-वायरिंगसकट उचलून ठेवायची आणि मग जुळवाजुळव करत बसायची. दुसरा, ती पूर्ण सोलून नुसता डबा करायचा आणि आपल्या जुन्या केबिनमधलं सगळं, अगदी शेवटच्या क्लिपपर्यंत, त्यात भरायचं. पहिल्यात काम कमी वाटतं म्हणून सगळे तिकडे वळतात, मीही वळलो होतो, दोन वीकेंड वाया गेले.

कारण बघा. त्या काळच्या पेट्रोल ट्रकला अॅक्सिलरेटरची तार आहे, 7.3 ला तार नाहीच, पेडलवर सेन्सर आणि तिथून वायर थेट कंप्युटरला. पेट्रोलवाल्याचा ब्रेक बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, डिझेलला तसा व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून हायड्रोबूस्ट असतो, तो पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर. म्हणजे पेट्रोलचा बूस्टर तसाच ठेवलात तर पेडल दगडासारखं. मीटरमध्ये ग्लो प्लगचा, म्हणजे थंड इंजिन आधी तापवणाऱ्या प्लगचा, 'थांबा' दिवा नाही, डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा नाही, आरपीएमचा काटा वेगळ्या हिशोबाचा, आणि किलोमीटर, म्हणजे इथे मैल, ते मीटरमध्येच साठवलेले, तेव्हा परका मीटर म्हणजे परके मैल आणि ट्रक विकताना कायद्याची कटकट. हे एकेक करून जोडता येतं, पण वायरी कापून जोडलेला ट्रक पुढे भर थंडीत रात्री बंद पडला की कुठली वायर कुठली ते तुम्हालाच कळत नाही.

दुसऱ्या रस्त्यात हा गुंता नाहीच, आपलं वायरिंग, आपला कंप्युटर, आपलं पेडल, आपला मीटर, आणि फायरवॉलवरचं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरचं, आवाज अडवणारं जाड अस्तरही आपलंच. मेहनत दुप्पट, डॅशबोर्ड दोनदा काढायचा, पण डोकं शांत. प्रत्येक कनेक्टरला टेप लावून नाव लिहा, फोटो तर काढाच. एसीचा गॅस मात्र मशीनवाल्याकडून काढून घ्या, हा 134ए गॅस हवेत सोडणं इथे कायद्याने बंद आहे.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा डिझेल इंजिनच त्या बिनगंजाच्या पेट्रोल ट्रकमध्ये टाका ना. चासी खलास असेल तरच हा विचार करा. इंजिन चारशे किलोच्या वर, त्यामागे पुढच्या स्प्रिंगा, दुसरी बॅटरी, इंटरकूलर, डिझेलचा पंप आणि टाकी, गिअरबॉक्सचा पुढचा तोंडवळाही वेगळा.

कागदाचं आधीच विचारून घ्या. विन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, चासीवर आहे आणि काचेमागे केबिनवरच्या पट्टीवरही आहे, आठवं अक्षर इंजिनचं, एफ म्हणजे 7.3 आणि एस म्हणजे व्ही10, त्यामुळे बघणाऱ्याला फरक लगेच कळतो. ती पट्टी आपल्या मनाने उपटून इकडची तिकडे लावू नका, तो केंद्रीय कायद्याने गुन्हा होऊ शकतो. आपल्याकडच्या आरटीओचं काम मिशिगनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस करतं, दुसऱ्या राज्यात नियम वेगळे, तेव्हा आधी फोन, मग केबिन उचलायची लिफ्ट.

लिफ्ट दोन खांबांचीच हवी. बोल्ट आदल्या आठवड्यापासून तेलात भिजवा, तरी एखाद्याचं नट आतल्या आत फिरतंच, मग फरशी कापून पकडावं लागतं, जुनीच फरशी आहे, वाईट वाटून घेऊ नका. केबिन वर गेली की इंजिनच्या मागच्या बाजूला पहिल्यांदा हात पोचतो, टर्बोला जाणारे अप-पाइप गळत असतील तर तेव्हाच बदला, नंतर तिथे हात घालायला उंदीर व्हावं लागतं.

बोनेट, मडगार्ड, रेडिएटरची चौकट आपलीच ठेवायची. त्यामुळे माझा ट्रक आता पुढून हिरवा, मधे पांढरा आणि मागचा हौदा परत हिरवा. बायको त्याला तिरंगी बर्फी म्हणते, रंगाचं उन्हाळ्यात बघू.