आफ्टर इफेक्ट्स की फ्यूजन: शिकायला बसण्याआधी

एडिटिंग येतंय, आता मोशन ग्राफिक्स (हलती अक्षरं, आकृत्या) आणि व्हीएफएक्सकडे (शूट झालेल्या चित्रात नंतर केलेले बदल) वळायचंय, मग कुठलं सॉफ्टवेअर धरू? असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: अक्षरं आणि आकार हलवायचेत, की शूट झालेल्या शॉटमध्ये काहीतरी बसवायचंय? आफ्टर इफेक्ट्स आणि फ्यूजन, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कामं होतात. पण तिसरं-चौथं करेक्शन आलं, की कुठलं कशासाठी बनलंय ते लख्ख कळतं. म्हणून इफेक्ट्सची यादी बघून निवडू नका, करेक्शनचा विचार करून निवडा.

आधी पैशांचं सांगून टाकतो. अडोबीचं आफ्टर इफेक्ट्स १९९३ पासून आहे, पण २०१३ पासूनच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर बंद, आणि त्यातले जुने प्रोजेक्टही उघडायची सोय उरत नाही. फ्यूजन २०१४ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइननं विकत घेतलं आणि २०१८ मध्ये दा विंची रिझॉल्व्ह १५ या आपल्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एक पान म्हणून बसवलं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंत आउटपुट देते. शिकायला ती पुरून उरते. मॅजिक मास्क (माणूस किंवा वस्तू आपोआप वेगळी काढणं) आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले बारीक दाणे काढणं) यांसारख्या गोष्टी हव्या असतील तर स्टुडिओ आवृत्ती लागते. तिची किंमत २९५ डॉलर, तीही एकदाच.

आता एक शॉट घेऊ. एसटी स्टँडवर उभी असलेली गाडी, कॅमेरा हातात, सहा सेकंद, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगानं १५० फ्रेम. गाडीच्या कपाळावरची पाटी बदलून कथेतल्या गावाचं नाव टाकायचंय. मधेच एका प्रवाशाचा हात पाटीपुढून जातो.

आफ्टर इफेक्ट्समध्ये मोका नावाचं ट्रॅकिंगचं साधन सोबतच येतं. त्यात पाटीचा पृष्ठभाग ट्रॅक करायचा, म्हणजे त्याची हालचाल फ्रेमगणिक टिपायची, आणि चार कोपऱ्यांचा डेटा नव्या पाटीच्या लेयरवर (थरावर) टाकायचा. हातासाठी मूळ शॉटची आणखी एक प्रत सगळ्यांत वर ठेवायची आणि रोटो ब्रशनं हात कापून घ्यायचा. इथपर्यंत काम भराभर होतं. मग दिग्दर्शक म्हणतो, मूळ पाटीवर झाडाची सावली हलत होती, ती नव्या पाटीवर का नाही? बरोबरच आहे त्याचं. सावली घ्यायला मूळ शॉटची तिसरी प्रत लागते. त्यानंतर शॉटमधला नॉइज काढायचा ठरलं, की तो तिन्ही प्रतींवर काढा, नाहीतर प्रीकॉम्प करून, म्हणजे काही लेयर एका गाठोड्यात बांधून, सगळं पुन्हा जुळवा. प्रीकॉम्पच्या पोटात प्रीकॉम्प गेला की महिन्याभरानं तोच प्रोजेक्ट उघडल्यावर कुठला रंग कुठे बदललाय ते शोधण्यात अर्धा दिवस जातो. माझे असे कित्येक दिवस गेलेत.

फ्यूजनमध्ये शॉट एकदाच येतो, मीडियाइन नावाच्या नोडमधून. नोड म्हणजे एकेक काम करणारा डबा, असे डबे तारांनी जोडायचे. त्यातून एक तार पाटीची हालचाल टिपणाऱ्या प्लॅनर ट्रॅकरला, एक हात वेगळा काढणाऱ्या मास्कला, एक सावलीला. नॉइज काढायचाय? मीडियाइनला लागून एक नोड लावा, तिन्ही तारांना आपोआप तेच मिळतं. सगळं काम डोळ्यांसमोर पसरलेलं असतं. पहिले दोन आठवडे मात्र त्रास होतो, खोटं बोलणार नाही. दोन चित्रं एकावर एक ठेवणाऱ्या मर्ज नोडमध्ये पिवळ्या तोंडाला पार्श्वभूमी आणि हिरव्याला वर ठेवायची गोष्ट, आणि चित्राचा आकार पार्श्वभूमीवरून ठरतो, हे हाताला बसेपर्यंत नुसता गोंधळ. अल्फा (पारदर्शकतेची माहिती) असलेल्या चित्राचा रंग बदलताना प्री-डिव्हाइड या पर्यायावर खूण करायला विसरलात तर कडांना घाणेरडी रेघ दिसते.

क्रमाचा फरकही इथंच समजतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये लेयरवर आधी मास्क, मग इफेक्ट, मग ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं) असा क्रम ठरलेला. ड्रॉप शॅडो लावून लेयर गरगर फिरवला तर सावलीही त्याच्याबरोबर फिरते. त्यावर उपाय आहेत, पण ते माहीत असावे लागतात. फ्यूजनमध्ये सावलीचा नोड ट्रान्सफॉर्मच्या नंतर जोडला की झालं.

एवढं वाचून फ्यूजनच घ्यावं असं वाटेल. पण चॅनेलसाठी चाळीस पाहुण्यांच्या नावपट्ट्या करायच्या असतील, इन्फोग्राफिक असेल, लोगो उलगडायचा असेल, तर मी डोळे झाकून आफ्टर इफेक्ट्स उघडतो. शेप लेयर (आकृत्यांचे थर), ट्रिम पाथ (रेघ हळूहळू उमटवणं), अक्षरागणिक हालचाल, विगल आणि लूपआउटसारखी एक्स्प्रेशन्स (हालचाल आपोआप करणारे छोटे कोड), हे सगळं एका टाइमलाइनवर. शिवाय टेम्पलेट करून दिलं की प्रीमियर या अडोबीच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवरचा एडिटर नावं स्वतः बदलतो, तुम्हाला रात्री फोन येत नाही. फ्यूजनमध्येही हे करता येतं, पण वेळ जास्त लागतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी देवनागरीची परीक्षा आधी घ्यावी. दोन्हीकडे ‘किल्ल्यांची दुर्दशा’ टाइप करून बघा: वेलांटी जागेवर आहे का, जोडाक्षर तुटलं का, रफार कुठे गेला. जुन्या आवृत्त्यांत ही रड दोन्हीकडे होती. आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी प्रेफरन्सेसच्या टाइप सदरात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागायचं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करणाऱ्यांना ही अडचण जाणवत नाही, पण तो मजकूर युनिकोडमध्ये जसाच्या तसा नेता येत नाही. अक्षरं तुटत असतील तर शीर्षक इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करून आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या बनवा. फ्यूजन अशा आकृत्यांची एसव्हीजी फाइल घेतं. आणि अक्षर-अक्षर नाचवताना वेलांटी अक्षराला सोडून एकटी उडत नाही ना, ते फ्रेम थांबवून पाहा.

मशीनच्या बाबतीत दोन्ही खादाड. फ्यूजनसाठी ३२ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड धरून चला. आफ्टर इफेक्ट्स १६ वर सुरू होतं, पण प्रीव्ह्यू रॅममध्ये साठत असल्यानं ३२ वरच मोकळा श्वास घेतं. थ्रीडी लागलं तर ब्लेंडर मोफत आहे आणि दोघांशीही जुळवून घेतं, त्यासाठी यातल्या कुणाला सोडायची गरज नाही.

नोकरीचं म्हणाल तर जाहिरात, चॅनेल, सोशल मीडियाच्या कामाला आफ्टर इफेक्ट्स मागतात. चित्रपटांच्या मोठ्या व्हीएफएक्स स्टुडिओत न्यूक नावाचं सॉफ्टवेअर चालतं आणि तेही नोडवरच आहे, त्यामुळे फ्यूजनवर बसलेला हात तिथं वाया जात नाही. न्यूकची अव्यावसायिक मोफत आवृत्ती घरी सरावाला मिळते, आउटपुट १९२० बाय १०८० पर्यंत.

अजून ठरत नसेल तर मोबाइलवर सहा सेकंदांचा एक शॉट काढा, समोरच्या दुकानाची पाटी चालेल. आधी रिझॉल्व्हमध्ये बदला, मग आफ्टर इफेक्ट्सच्या चाचणीच्या मुदतीत. दोन्ही झाल्यावर एखाद्या मित्राला दाखवा आणि त्याला तीन बदल सांगायला लावा.