मॉरिशस: मुक्काम पोर्ट लुईला की ग्रँड बेला?

सरळ सांगायचं तर मुक्काम ग्रँड बेला टाका. पोर्ट लुई राजधानी खरी, पण बंदराचं गाव. पोहायला किनारा नाही, ऑफिसं सुटली की रस्ते ओस. ग्रँड बेला समुद्र हाताशी. महाग मात्र आहे.

तरी एक अख्खा दिवस राजधानीला द्याच. सेंट्रल मार्केटपाशी गरम ढोल पुरी खा: आत वाटाण्याच्या डाळीचा भुगा, वरून घेवड्याची भाजी नि चटणी. पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच! मग अप्रवासी घाट, 2006 पासून जागतिक वारसा. भारतातून करारावर आणलेले गिरमिटिया मजूर बोटीतून उतरून चढले त्या दगडी पायऱ्या अजून आहेत. मजुरांत आपले रत्नागिरीकडचेही होते. रविवार टाळा, बाजार लवकर उठतो. मेट्रो ग्रँड बेपर्यंत जात नाही, बसच धरा.