प्रवास-बजेटचा किट: पाकिटं भारी, वर्कबुक ठीकठाक

होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या घरांसाठी म्हणून हा किट विकतात, मुलांनी ट्रिपचं बजेट स्वतः करून शिकावं म्हणून. डब्यात एक वर्कबुक, नकाशा, मोजायचा दोरा, खर्चाची रंगीत पाकिटं, अडचण कार्डांचा गठ्ठा आणि सोबत कॉम्प्युटरवर उघडायची एक रेडीमेड शीट. आम्ही तो खऱ्या ट्रिपला वापरला, तेही पैसे पोरांच्याच हातात देऊन, आणि आधीच सांगते, नुसता घरी टेबलावर बसून भरणार असाल तर घेऊच नका.

पाकिटांपासून सुरू करते कारण पैसे वसूल तिथेच होतात. प्रवास, राहणं, खाणं, फिरणं आणि अडीनडीला, अशी पाच. अडीनडीच्या पाकिटात एकूण बजेटच्या १० टक्के आधीच काढून ठेवायचे. आणि नियम एकच, एका पाकिटातले पैसे दुसऱ्यात टाकायचे तर चिठ्ठी लिहायची, कुठून काढले, किती, आणि का. वाचताना मला हे जरा फालतूच वाटलं होतं. पण ट्रिपच्या मधेच मोठीला म्युझियम बघायचं होतं, धाकट्याला बोटीत बसायचं होतं आणि 'फिरणं'च्या पाकिटात दोन्ही काही बसेना. एरवी हे भांडण थेट माझ्याकडे आलं असतं, इथे दोघं तिकीट खिडकीजवळच्या कठड्यावर बसून हिशोब करायला लागले. "खाण्यातून घेऊ." "मग आज रात्री बाहेर जेवायचं नाही हां, नंतर रडायचं नाही." धाकट्याने चिठ्ठीवर 'का'च्या पुढे लिहिलं, "बोट आपल्या घराजवळ नाही." म्हटलं, पास. अडीनडीच्या पाकिटाला दोघांनी हात लावला नाही, आणि मी तसं काही बजावलंही नव्हतं.

नकाशाचं मात्र गंडलंय. किटमधला नकाशा एका काल्पनिक बेटाचा आहे, छान रंगवलेला, पण धाकट्याने विचारलं, "आपण इथे जाणारोत?" नाही म्हटल्यावर विषयच संपला. मग आम्ही जिथे जाणार होतो तिथला खरा कागदी नकाशा काढला, १:२,५०,००० स्केलचा, म्हणजे १ सेंटीमीटरला अडीच किलोमीटर, आणि किटमधला दोरा रस्त्याच्या वळणावळणाने चिकटवत नेला. दोरा भरला ३१ सेंटीमीटर, म्हणजे साडेसत्त्याहत्तर किलोमीटर. फोन म्हणतो ८४. आता खरं कोण यावर अर्धी संध्याकाळ गेली, मोठीचं म्हणणं की दोरा नीट बसवला नाही, आणि शेवटी बाबांनी फोनवर तोच घाट झूम करून दाखवला तेव्हा कळलं की एवढ्या स्केलला छोटी वळणं नकाशात सरळच काढून टाकलेली असतात. पुढचं गणित मोठीने न सांगता केलं, जाऊन-येऊन १६८ किलोमीटर, गाडी लिटरला १५ देते, म्हणजे ११.२ लिटर. त्यावरून निघालं की गाडीत दोघं बसा नाहीतर चौघं, इंधन जवळपास तेवढंच लागतं, तिकिटं मात्र डोईमागे मोजावी लागतात. हा फरक वर्कबुकमध्ये कुठेच नाही, आणि ट्रेन की गाडी हे तर त्यावरच ठरतं ना.

वर्कबुकबद्दल माझी मुख्य तक्रार हीच. सगळी गणितं गुळगुळीत, उत्तर एकच, शेवटच्या पानावर उलटं छापलेलं. परदेशी चलनाच्या पानावर एकच रेट दिलाय आणि गुणाकार करा म्हणे. अहो पण काउंटरवर विकायचा रेट वेगळा आणि परत घ्यायचा वेगळा! आम्ही घरीच काउंटर मांडला, धाकटा एजंट, प्रत्येक वेळी ३ टक्के कापणार. १००० दिले, चलन बदललं, लगेच परत बदलून घेतलं, हातात आले ९४१ च्या आसपास. मोठी चिडून म्हणाली, "अरे कुठे गेले पण नाही आणि साठेक उडाले?" एजंट खूश होता.

टाइम झोनचा प्रोजेक्ट चांगला आहे. टॉर्च म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे पृथ्वी, ३६० अंश भागिले २४ तास म्हणजे तासाला १५ अंश, पोरांना पटकन समजतं. मग कोणीतरी फोनच्या घड्याळात नेपाळ बघतं, तिथे ग्रीनिचपेक्षा ५ तास ४५ मिनिटं पुढे, आणि हे पाऊण तासाचं काय हे समजावायला पालकांच्या गाइडमध्ये एक ओळ नाही. घड्याळ सूर्य नाही, देश ठरवतात, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

रेडीमेड शीटमध्ये सगळे फॉर्म्युले आधीच भरून लॉक केलेत, आकडा टाका की बेरीज तयार. मग मुलं शिकणार काय, टायपिंग? कोरी शीट द्या, बेरजेचा फॉर्म्युला त्यांना लिहू द्या, एक रकाना 'ठरवलेला' आणि शेजारी 'झालेला', आणि फरक मायनसमध्ये गेला की सेल लाल. आमच्याकडे खाण्याची ओळ बघण्यासारखी झाली होती.

अडचण कार्डं (ट्रेन चुकली, पाऊस आला, बूट फाटला वगैरे) निघायच्या आधी घरी खेळायला मजा येते. वाटेत कोणी काढली नाहीत, खऱ्या अडचणी पुरल्या.

डब्यावर वय ७ ते १४ लिहिलंय. मला विचाराल तर ९ ते १२. त्याहून लहान असेल तर टक्केवारी सोडा, नाणी मोजू द्या, आणि १४ वर्षांचं पोर रंगीत पाकिटं बघून उठून जाईल. जिथे होमस्कूलिंगची नोंद दाखवावी लागते तिथे मात्र त्या चिठ्ठ्या तारखेसकट जपून ठेवा, भरलेल्या वर्कबुकपेक्षा त्यातच मुलाने काय विचार केला ते दिसतं.

पाचपैकी साडेतीन. रिफिल पॅक वेगळा विकायला ठेवलाय तो घेऊ नका, नुसती पाकिटंच आहेत, ती घरीही चिकटवता येतात.