सोलापुरी चादर स्क्रीनवर उलगडताना: पैसे भरून घेतलेल्या व्हिडिओ सेवेचा दीड वर्षाचा अनुभव

चादर घ्यायला आलेलं माणूस आधी घडी उलगडत नाही. अंगठा आणि बोटात कोपरा धरून चुरगाळून बघतं, मग उलटी करून मागची बाजू बघतं, आणि शेवटी दोन्ही हातांवर घेऊन वजन तोलतं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या पुढच्या खोलीत मी लग्न होऊन आल्यापासून हे रोज बघतेय. सासऱ्यांनी 4 मागांवर सुरू केलेलं काम आता 12 जॅकार्ड मागांवर, म्हणजे कापडातच नक्षी विणणाऱ्या मागांवर चालतं. वेबसाइट काढायची ठरली तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की पुण्यात नाहीतर हुबळीत बसलेल्या गिऱ्हाइकाने ही चादर उलटी करून बघायची कशी? फोटोत चादर म्हणजे नुसतं रंगीत कापड. जाडी कळत नाही. दोन्ही बाजूंना नक्षी तीच आणि रंग अदलाबदल, ही आमच्या चादरीची खरी खूण, ती तर अजिबातच कळत नाही.

म्हणून व्हिडिओ करायचं ठरलं. पहिला व्हिडिओ आम्ही थेट आमच्याच होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या भाड्याच्या जागेवर चढवला, 80 एमबीची एकच फाइल. कारखान्यातल्या वायफायवर झकास दिसायचा. पण माझी बहीण मोहोळजवळच्या गावात असते, तिच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरत राहायचं. दिवाळीच्या तोंडावर गर्दी वाढली तशी सगळी साइटच जड झाली, आणि होस्टिंगवाल्यांचा डेटाची मर्यादा संपत आल्याचा मेल आला.

मग तोच व्हिडिओ एका फुकटच्या सेवेवर चढवून आमच्या पानावर लावला. चालला छान, अडकला नाही. पण कोल्हापूरच्या एका लॉजमालकांचा फोन आला, "ताई, तुमच्याच पानावर सोलापुरी चादर अडीचशेला दाखवतायत की!" बघते तर आमचा व्हिडिओ संपला की खाली दुसऱ्यांचे व्हिडिओ ओळीने उभे, आणि त्यात दुसऱ्या राज्यात यंत्रावर काढलेला हलका माल ‘सोलापुरी’ म्हणून. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाचं. बाहेरच्या मालाशी इथला कारखानदार आधीच झुंजतोय. त्या मालाची जाहिरात आपल्याच ओट्यावर झालेली मला सहन झाली नाही. फुकट सेवेचं पोट बघणाऱ्याला पुढचा, मग त्याच्या पुढचा व्हिडिओ दाखवण्यावर चालतं, हे समजण्यासारखं आहे. पण ते आमच्या दुकानात नको.

व्हिमिओ, विस्टिया अशा पैसे भरून घ्यायच्या सेवा असतात, त्यांच्यासारखीच एक मी गेल्या वर्षी घेतली. कुठली ते सांगत नाही, कारण पुढे जे लिहितेय ते अशा बहुतेक सेवांना लागू आहे. खर्च महिन्याला आमच्या 2 डबल चादरींच्या किमतीएवढा येतो. बिल डॉलरमध्ये, त्यावर कर वेगळा, आणि वर्षाचे एकदम भरले तर बरंच स्वस्त पडतं.

फरक कशात पडला ते सांगते. तुम्ही एकच फाइल देता, ते तिच्या लहानमोठ्या अनेक आवृत्त्या करून ठेवतात. एकच डिझाइन वेगवेगळ्या नंबरच्या, म्हणजे जाड-बारीक सुतात विणून ठेवावं तसं. बघणाऱ्याचं नेट मंद झालं की प्लेअर पुढचे काही सेकंद आपोआप हलक्या आवृत्तीतले घेतो, नेट सुधारलं की परत जाड आवृत्तीवर येतो. चित्र क्षणभर धूसर होतं, पण थांबत नाही. बहिणीच्या गावात आता व्हिडिओ सलग चालतो, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी परीक्षा होती.

दुसरं म्हणजे चौकट आपली. प्लेअरची पट्टी निळी येत होती, ती मी आमच्या किनारीच्या डाळिंबी रंगाची केली. सेवेचं बोधचिन्ह काढून टाकलं. व्हिडिओ संपला की तिथे ‘नमुना मागवा’ एवढं एकच बटण येतं, बाकी काही नाही. सुरू होण्याआधी जे स्थिर चित्र दिसतं ते मी एक संध्याकाळभर बसून निवडलं: चादरीचा एक कोपरा उलटा दुमडलेला, वर पिवळ्यावर जांभळं आणि खाली जांभळ्यावर पिवळं. लोक त्या चित्रावर बोट ठेवतात ते त्या कोपऱ्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

आता जी गोष्ट मी घेताना हिशेबातही धरली नव्हती, ती. बघणारे कुठे थांबले, कुठे मागे गेले, याचा आलेख ही सेवा दाखवते. आमचा व्हिडिओ 1 मिनिट 40 सेकंदांचा. सुरुवातीला कारखान्याची पाटी, मग सासऱ्यांचा नमस्कार, मग माग. आलेख बघितला तर पाटीवरच निम्मे लोक गळत होते, आणि जे टिकले ते एका जागी पुन्हा पुन्हा मागे जात होते. ती जागा म्हणजे आमचे मागावरचे मामा तुटलेला धागा जोडतात ते 6 सेकंद. माग खटकन थांबतो, ते वाकतात, फणीमागून तुटलेलं टोक बोटाने अचूक उचलतात, चिमटीत पीळ देऊन गाठ मारतात आणि हात मागे येईपर्यंत माग सुरू झालेला असतो. मी रोज बघते म्हणून मला त्यात विशेष वाटलं नव्हतं. लोकांनी ते तीन तीनदा बघितलं होतं.

मी व्हिडिओ पुन्हा कापला. चादर उलटी करण्याचं दृश्य अगदी सुरुवातीला घेतलं, लगेच मामांचे हात, सासऱ्यांचा नमस्कार शेवटी. सासऱ्यांना ते पटवून सांगायला दोन दिवस लागले, पण आलेख समोर ठेवल्यावर ते स्वतःच म्हणाले, "हात आधी दाखव." नवी फाइल जुन्या फाइलच्याच जागी चढली. व्हिडिओची लिंक तीच राहिली, त्यामुळे वेबसाइटवाल्या मुलाला फोन करावा लागला नाही.

शूटिंगबद्दल एक सांगते, कारण आमचे दोन दिवस त्यात वाया गेले. ट्यूबलाइटखाली मागाचा व्हिडिओ काढला की चित्रावरून काळे पट्टे सरकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, ते डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेळ 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवला की पट्टे जातात. आम्ही शेवटी सकाळी 7 वाजता, ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात काढला. आणि दर चार-पाच मिनिटांनी लेन्स पुसली, कारण सुताची पूड हवेत असतेच.

मागाचा आवाज मला आधी ऐकवायचा होता. ते जमत नाही. पान उघडताच आपोआप चालणारा व्हिडिओ ब्राउझर आवाजासकट चालू देत नाहीत. क्रोमने तर हे 2018 पासून बंद केलंय. म्हणून वर 12 सेकंदांचा मुका तुकडा फिरत राहतो, आणि आवाजाचा मोठा व्हिडिओ त्याच्या खाली. खालच्याला मराठी, हिंदी, कन्नड आणि तेलुगू अक्षरं (सबटायटल) जोडली आहेत. साधी मजकुराची फाइल असते, वेळ आणि वाक्य, वेळ आणि वाक्य. तेलुगू घरातल्यांनीच लिहिली, कन्नड आमच्या विजयपूरच्या व्यापाऱ्यांनी फोनवर सांगितली. ते म्हणाले, आता गिऱ्हाइकाला मोबाइल पुढे केला की मला बोलावं लागत नाही.

आता जिथे हात पोळले ते. सेवा घेऊन वर्ष झालं ते नेमकं जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत. कार्डावरून पैसे आपोआप कापले जातील म्हणून मी निर्धास्त होते. पण परदेशी कंपनीचं दरवेळचं आपोआप पेमेंट आपल्याकडे मंजुरीशिवाय जात नाही, रिझर्व्ह बँकेचा हा नियम ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे. बँकेने पेमेंट परत पाठवलं, मेल माझ्या लक्षात आला नाही, आणि दोन दिवस आमच्या पानावर व्हिडिओच्या जागी काळा चौकोन होता. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला बाहेरगावचे पाहुणे आलेले, त्यांना मी मोठ्या हौसेने साइट दाखवायला गेले आणि तो चौकोन समोर आला. त्या रात्री हाताने पैसे भरले.

व्हिडिओ फक्त आमच्याच साइटवर चालेल अशी कडी घालता येते, ती मी घातली आहे. पण साइटवाल्या मुलाने नवं डिझाइन दुसऱ्या पत्त्यावर तपासायला घेतलं तेव्हा तिथे व्हिडिओ उमटेना, आणि आम्ही दुपारभर दोष शोधत बसलो. नवा पत्ता सेवेतल्या परवानगीच्या यादीत घातला की काम होतं.

अशा ठिकाणी ठेवलेला व्हिडिओ अनोळखी माणसाला आपोआप सापडत नाही, हेही धरून चाला. म्हणून मामांच्या हातांचा 30 सेकंदांचा तुकडा मी यूट्यूबवरही ठेवलाय, तिथून लोक साइटवर येतात. तुमचं सगळं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरच असेल, वेबसाइट नावाला असेल, तर हा खर्च करू नका; साधी क्लिप पाठवा. आणि मूळ फाइल घरच्या हार्ड डिस्कवर ठेवाच, सेवा सोडायची वेळ आली तर तीच कामाला येते.

मी पुढच्या वर्षाचेही पैसे भरणार आहे. कॅलेंडरवर 15 डिसेंबरला लाल गोल केलाय, त्या दिवशी कार्ड तपासायचं. टॉवेलच्या व्हिडिओचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, आणि मामांनी आत्ताच विचारून ठेवलंय, की यावेळी पांढरा शर्ट घालून येऊ का.