वडीलधाऱ्यांच्या आठवणी बोलून उतरवायच्या असतील तर: गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग

ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या हाती वही दिली की चार पानांत बोटं आखडतात. बोलायला मात्र तीच आजी तासभर बसेल. अशा घरांसाठी हे साधन खरंच कामाचं आहे, शिवाय फुकट आहे. फक्त एका जागी फार जपावं लागतं.

लॅपटॉपवर क्रोममध्ये डॉक्स उघडा, टूल्समधून व्हॉइस टायपिंग घ्या आणि माइकच्या वरच्या यादीतून मराठी निवडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकदम दाबलं की माइक लाल होतो. इंटरनेट लागतंच. मोबाईलच्या कीबोर्डवरचा माइकही मराठी घेतो, पण बोलणारा जरा थांबला की तो बंद पडतो, आणि आठवणी सांगणारा माणूस थांबणारच. लॅपटॉपचा आतला माइक पंख्याची घरघर आणि खालच्या रिक्षांचे हॉर्न उचलतो, त्यामुळे कॉलरचा माइक लावा.

दहा मिनिटांत 800 ते 1000 शब्द उतरतात. विरामचिन्हांचा भरवसा मराठीत धरू नये, ती हातानंच घालायची.

जपायचं ते इथे. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या बोलीत 'आईनं हाक मारलीन्', 'त्यानं पैसे दिलेन्' असं म्हणतात. यंत्र सगळं प्रमाण मराठीकडे ओढतं: शेवटचा 'न्' गळतो, 'आनी'चं 'आणि' होतं. मजकूर बरोबर वाटतो, पण आजी त्यातून निघून गेलेली असते. 'वन्सं', 'घंगाळ' असे मागे पडलेले शब्द आणि घरातली टोपणनावंही जवळच्या एखाद्या ओळखीच्या शब्दात बदलतात. महिन्याभरानं वाचणाऱ्याला मूळ शब्द काय होता ते कळत नाही.

डॉक्स आवाज साठवत नाही. म्हणून शेजारी दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवाच, आणि त्याच दिवशी ऐकत ऐकत दुरुस्त करा. दहा मिनिटांच्या बोलण्याला पाऊण तास धरा. बोलीतली रूपं परत घालण्यात हा वेळ जातो, आणि तो द्यायलाच हवा.

सनावळीही तेव्हाच लावून घ्या. 'पानशेतच्या पुरानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत लग्न झालं' हे वाक्य जसंच्या तसं ठेवा. धरण फुटलं 12 जुलै 1961 ला, म्हणजे ती दिवाळी 1962 ची. हे साल वाक्यात न घुसडता कंट्रोल, ऑल्ट आणि एम दाबून बाजूच्या टिपेत लिहा. पूर रविवारी आला असं कुणी सांगितलं, तर तो बुधवार होता हेही तिथंच नोंदवा. सांगणाऱ्याला मध्येच अडवू नका, एकदा अडवलं की पुढचा धागा तुटतो.

रोजची बैठक वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. कच्च्या मजकुराची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा, दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करा.